आजी-आजोबा, साडेतीन वर्षांची लेक आणि पहिला समुद्र

धरणगावच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. सासरे ७१ वर्षांचे, त्यांना साखरेची आणि बीपीची गोळी चालू. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दोघांनीही आजवर समुद्र पाहिलेला नाही. मे महिन्यात नवऱ्याला पाच दिवस सुट्टी आहे. तेवढ्यात गाडी करून अलिबाग, मुरूड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि येताना महाबळेश्वर असा बेत आखला आहे. जमेल का, आणि काय काळजी घ्यायची?

ताई, वीसेक वर्षं मी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुटुंबांच्या सहली लावून देतो. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहलींना सोबतही गेलो आहे. सरळ सांगतो, हा बेत मोडा. सहल रद्द करू नका, फक्त बेत मोडा. एकच गाव धरा, तिथे तीन मुक्काम करा आणि मे सोडून जानेवारीत जा.

तुमच्या आखणीत घरातलं प्रत्येक माणूस कुठे अडेल ते बघा. धरणगाव ते अलिबाग साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं, म्हणजे पहिला दिवस गाडीतच गेला. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जावं लागतं आणि किल्ल्याच्या दरवाजाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला ते करायला लावू नका. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकाच्या घळीतून खाली उतरते आणि खाली लाटा अंगावर येतात. तिथे आजी वर थांबणार, मग लेकीला घेऊन कोणीतरी वरच थांबणार, आणि तुम्ही दोघं घाईघाईने जाऊन येणार. परतताना पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, त्या वळणांवर पोरगी ओकणार. पाच दिवसांत पाच ठिकाणी सामान उघडायचं आणि भरायचं. समुद्र बघितला म्हणायला होईल, पण त्याच्यासमोर तासभर निवांत बसणं कोणाच्याच वाट्याला येणार नाही.

मे का नको, हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाला ते पटत नाही. आपण ४४-४५ अंश सोसणारी माणसं, कोकणातल्या ३४ अंशांचं काय एवढं, असं सगळेच म्हणतात. पण आपल्याकडचं ऊन कोरडं असतं. घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र गार होत नाही. काही वर्षांपूर्वी चोपड्याकडचे एक आजोबा सोबत होते. केळीच्या बागेत आयुष्य काढलेलं, अंगाने काटक. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता वाळूत चालता चालता ते खालीच बसले. ओठ कोरडे पडले होते आणि बोलणं जड झालं होतं. दवाखान्यात सलाईन लावल्यावर तासाभराने सावध झाले. नंतर विचारलं तेव्हा कळलं, की त्यांची बीपीची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी होती आणि प्रवासात सारखं उतरावं लागू नये म्हणून सकाळपासून ते पाणीच पीत नव्हते. तेव्हापासून मी निघण्याआधी प्रत्येक घराला हे विचारतो.

म्हातारी माणसं, त्यातही बायका, संडास-बाथरूमच्या भीतीने पाणी टाळतात आणि ते तोंडाने सांगत नाहीत. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, की दर दीड-दोन तासांनी गाडी थांबणार, स्वच्छ जागा बघूनच थांबणार, कोणाची खोटी होणार नाही. हे ऐकलं की त्या पाणी पितात. निघण्याच्या आठवडाभर आधी सासऱ्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. उन्हात आणि प्रवासात गोळ्या कशा घ्यायच्या, शहाळ्याचं पाणी चालेल का, मीठ-साखरेचं पाणी चालेल का, हे तिथेच विचारून कागदावर लिहून घ्या. शहाळ्यातही साखर असते आणि पोटॅशियम असतं. काही गोळ्यांबरोबर ते जपून घ्यावं लागतं, म्हणून मी कोणालाही सरसकट शहाळं पाजत नाही.

तुमची लेक अजून शाळेच्या सुट्ट्यांत अडकलेली नाही. ही मोकळीक आणखी दोन-तीन वर्षंच आहे, ती वापरा. ३१ डिसेंबरची गर्दी ओसरली की जानेवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला. संक्रांत घरी करा आणि मग निघा. आपल्याकडे तेव्हा हुडहुडी भरलेली असते आणि किनाऱ्यावर सकाळी पातळ स्वेटर पुरतो.

आता गाव कोणतं. तुमच्या घरासाठी मी डहाणूजवळची बोर्डी सुचवेन. पहिलं कारण रस्त्याचं. भुसावळ-सुरत लाईन तुमच्या गावावरूनच जाते. खान्देश एक्सप्रेस याच मार्गाने सुरत, वापी करत मुंबईकडे जाते. ती रोज नसते, म्हणून वार आणि थांबे तिकीट काढताना बघून घ्या. तिचं जमलं नाही तर सुरतला गाडी बदला. सुरत ते डहाणू रोड रेल्वेने साधारण १४० किलोमीटर, आणि डहाणू रोडहून बोर्डी रिक्षाने सतराएक किलोमीटर. घाट नाही, वळणं नाहीत. रेल्वेत लेक चालते-फिरते, आजोबांना पाय लांब करता येतात आणि संडास जवळ असतो. वय झालेल्यांसोबतच्या प्रवासात याहून मोठी सोय कोणती?

दुसरं कारण वाळूचं. बोर्डीचा किनारा दिसायला काही फार देखणा नाही. वाळू काळपट, पाणी गढूळ, फोटोत निळं काही येत नाही. पण किनारा सपाट आहे, ओली वाळू घट्ट आहे आणि काठाला सुरूची झाडं आहेत. मऊ पांढऱ्या वाळूत पाय रुततो आणि दुखऱ्या गुडघ्याला प्रत्येक पावलाला जोर लावावा लागतो. बोर्डीच्या ओल्या वाळूवर सासूबाई काठी टेकत शेतातल्या पायवाटेवर चालावं तशा चालतील. गणपतीपुळ्याला देव आणि समुद्र एकाच ठिकाणी भेटतात म्हणून आपल्याकडचे लोक आधी तेच नाव घेतात. भुसावळहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीलाही नेते. दर्शनाला जरूर जा, पण तिथलं पाणी फसवं आहे, पोहणारी माणसंही तिथे बुडाली आहेत. साडेतीन वर्षांच्या पोरीला समुद्राची पहिली ओळख तिथे करून देऊ नका. देवदर्शनाची ओढ असेल तर डहाणूची महालक्ष्मी आहे. विवळवेढ्याचं हे देऊळ महामार्गालगत आहे. एक दिवस सकाळी दर्शन करून या, आजी-आजोबांचं मन भरेल. घोलवड-डहाणूचे चिकू प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. बागायतदार घरातल्या माणसाला चिकूची वाडी दाखवली की तासभर बोलायला विषय मिळतो. केळीवाल्या कितीतरी आजोबांना मी तिथल्या वाडीवाल्याशी खत-पाण्यावर बोलत रमलेलं पाहिलं आहे.

बोर्डीत एक गोष्ट मात्र आधी समजून घ्यावी लागते, आणि सगळी सहल तिच्यावरच बसवायची आहे: भरती-ओहोटी. त्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो, की काठावर उभं राहून पाणी नीट दिसतही नाही. पहिल्यांदा आलेली माणसं दुपारी पोचतात, समोर चिखल बघतात आणि हिरमुसतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला असंच नेलं होतं. आजी चिखलाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘समिंदर कुठे शे?’’ ते मला अजून लागून आहे. चूक माझी होती, मी तिथी बघितली नव्हती.

हिशेब सोपा आहे आणि कोकणातली जुनी माणसं तो तोंडी करतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा तसंच मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून पावणेचारची भरती पहाटेही आणि दुपारीही. मधे सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज भरती पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिथीचा पाऊणपट हिशेब त्यातूनच आलेला आहे. प्रत्यक्षात अर्धा-एक तास मागेपुढे होतं, बोर्डीच्या बाजूला बहुधा उशिराच. म्हणून पोचल्यावर मुक्कामाच्या मालकाला किंवा मच्छीमाराला विचारून वेळ पक्की करा.

आता यातलं खरं कामाचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जोरात चढतं आणि लांबवर उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, चढ-उतार सगळ्यात कमी. म्हणून पंचमी ते अष्टमी हे दिवस धरा. पाणी शांत, आणि ऊन उतरल्यावर चार-सहाच्या दरम्यान काठाशी आलेलं. त्याच वेळी लेकीची दुपारची झोप झालेली असते आणि आजोबांचा चहा झालेला असतो. तिघांचंही घड्याळ एका जागी जुळतं. भिंतीवरचं कालनिर्णय सासऱ्यांच्या हातात द्या आणि सांगा, आबा, आपल्याला पाणी केव्हा येणार ते तुम्ही काढायचं. तिथी, पक्ष, पाऊणपट हे त्यांच्या पिढीच्या जिभेवरचं गणित आहे. ज्या घरात मी हे काम आजोबांवर सोपवलं, तिथे ते सहलीभर सगळ्यांच्या पुढे चालले.

पाण्याजवळचे नियम मी निघण्याआधीच सांगतो, तिथे गेल्यावर कोणी ऐकत नाही. आपण धरण, पाट, विहीर ओळखतो. तिथलं पाणी जागेवर असतं. समुद्राचं पाणी माघारी जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहा आणि तळपायाकडे लक्ष द्या: टाचेच्या मागून वाळू सरसर निघून जाते, टाच खड्ड्यात जाते आणि तोल मागे जातो. मोठ्या माणसाला गंमत वाटते, पोर मात्र बसकण मारतं आणि पुढची लाट त्याच्या तोंडावर येते. म्हणून लेकीला घोट्यापर्यंतच न्या, तेही मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. हात पुढे केला की दंड धरता आला पाहिजे, त्याहून लांब सोडू नका.

राखण कोण करणार हे ठरवून घ्या. चार मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे, आणि नेमकं कोणाचंच नसतं. शेतात पाण्याची पाळी असते तशी लेकीची पाळी लावा. अर्धा तास तुमची, अर्धा तास नवऱ्याची. पाळी सुरू असताना मोबाईल दुसऱ्याच्या हातात. पाळी सोपवताना तोंडाने सांगायचं, ‘‘आता तुझ्याकडे.’’ आजी-आजोबांना पाण्याजवळ एकट्याने ही पाळी देऊ नका. माया कमी असते म्हणून नव्हे, पण पोर पळालं तर त्यांना धावता येत नाही, आणि धावायला गेले तर तेच पडतात. त्यांच्याकडे वाळूतला खेळ द्या. घरून पिठाची जुनी चाळणी, दोन डबे आणि एक पळी न्या. आजी चाळणीतून वाळू गाळते आणि नात खाली डबा धरते. दोघी यात तास-दीड तास रमलेल्या मी पाहिल्या आहेत.

ओहोटीला पाण्याच्या मागे मागे लांब चालत जाऊ नका. सपाट किनाऱ्यावर भरती येते तेव्हा खोलगट चरांतून पाणी आधी तुमच्या पाठीमागे भरतं. किनाऱ्यावर निळसर, पारदर्शक, फुग्यासारखं काही (जेलीफिशसारखा डंख मारणारा जीव) पडलेलं दिसलं तर लेकीला हात लावू देऊ नका. चुकून लागलंच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका आणि दवाखाना गाठा. राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

लेक समुद्राला घाबरली तर कडेवर घेऊन जबरदस्तीने पाण्यात नेऊ नका. सगळेच हसत हसत हे करतात आणि मग पोर तीन दिवस काठावरही येत नाही. पहिल्या संध्याकाळी ती लांबूनच बघू दे. दुसऱ्या दिवशी ती आपणहून ओल्या वाळूपर्यंत येते.

सासूबाईंचं म्हणाल तर एक प्लास्टिकची खुर्ची मागून घ्या आणि जिथे लाटेचा शेवटचा फेस पोचून थांबतो तिथे, घट्ट ओल्या वाळूवर ठेवा. कोरड्या वाळूत खुर्चीचा एखादा पाय रुतून ती कलंडते. लुगडं असो की पाचवारी, काठ भिजला की जड होतो आणि पायात गुंडाळतो, म्हणून पदर खोचून, साडी घोट्याच्या वर घेऊनच बसवा. मग पाणी आपणहून त्यांच्या पायाशी येतं. अमळनेरकडच्या एक जिजी आठवतात. पहिल्या लाटेला त्यांनी पाय वर घेतले, दुसऱ्या लाटेला एकच पाय घेतला. तिसऱ्या लाटेनंतर वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटून नमस्कार केला. मुलगा उठवायला गेला तर म्हणाल्या, ‘‘मी आठेच बसस (इथेच बसते), तुम्ही जा.’’ सूर्य बुडेपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्यांना मी सांगितलं होतं, की चांगदेवला पूर्णेला भेटून, प्रकाशावरून पुढे जाणारी आपली तापी सुरतेजवळ याच समुद्राला मिळते. तुमच्या सासूबाईंनाही सांगा. परकं वाटत नाही मग.

सासऱ्यांच्या पायात मात्र कायम चप्पल किंवा बूट हवा. साखरेच्या आजारात तळपायाची जाणीव कमी होते. शिंपल्याची धार लागली किंवा वाळूने पोळलं तरी कळत नाही. रोज रात्री त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा, गोड्या पाण्याने धुवून कोरड्या करा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही. पुढेमागे इन्सुलिन सुरू झालं तर तेही उन्हात उभ्या गाडीत ठेवायचं नसतं आणि बर्फाला चिकटवायचंही नसतं.

खोली ठरवताना फोनवर नुसतं ‘फॅमिली रूम आहे का’ विचारू नका. तळमजला, कमोडचा संडास, बाथरूमला पायरी किती उंच, गरम पाणी किती ते किती, लाईट गेली तर पंखा चालतो का, समुद्र चालत किती मिनिटं, हे एकेक विचारा आणि मोबाईलवर फोटो मागवा. एका ठिकाणी मला फोनवर तळमजला कबूल केला आणि पोचल्यावर दुसऱ्या मजल्याची खोली दाखवली. सोबतच्या आजी तीन दिवसांत दोनदाच खाली आल्या. तेव्हापासून मी खोलीचा दरवाजा आणि बाथरूम दिसेल असा फोटो आल्याशिवाय आगाऊ पैसे पाठवत नाही.

खाण्याचं लहान वाटतं, पण सहल त्यावरही बिघडते. दोन्ही वेळा भात आणि नारळाचं वाटण आपल्या म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही, तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत दोन-तीन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी आणि थोडे बिबडे (ज्वारीचे पापड) न्या. मुक्कामाच्या घरी भाकरी मिळेल का ते आधी विचारा. तांदळाची मऊ भाकरी मिळाली तरी आजी-आजोबा खूश असतात. शाकाहारी असाल तर वेगळी भांडी आहेत का हेही आधीच विचारा, माळकरी माणूस तिथे जाऊन उपाशी राहतो. लेकीचं जेवण सात वाजता सांगून ठेवा, तिकडे पाहुण्यांची पानं नऊला मांडतात.

दिवस असा जाऊ द्या. सकाळी सात ते साडेनऊ सुरूच्या सावलीत आणि वाळूवर. अकरा ते साडेतीन खोलीत, सगळ्यांची झोप. चारनंतर पाण्याजवळ. पहिला दिवस पोचण्याचा, त्या दिवशी कुठेही जायचं नाही. एका सकाळी महालक्ष्मी, एका सकाळी चिकूची वाडी, बस. तुम्हा दोघांसाठीही एक संध्याकाळ तासभर राखून ठेवा. लेक जेवून आजीजवळ झोपली की खोलीत राखणीला आजी-आजोबा पुरेसे असतात आणि तुम्हाला काठाने चालून येता येतं.

तिकिटाचं शेवटी सांगतो, पण काम आधी करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका किंवा दोन ज्येष्ठांच्या तिकिटाला मिळतो, सगळ्या घराच्या एकत्र तिकिटाला नाही. लेक पाचच्या आतली आहे, तिला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. आजच कालनिर्णय उघडून जानेवारीत संक्रांतीनंतरची पंचमी कोणत्या तारखेला येते ते सासऱ्यांना बघायला सांगा. त्या दिवशी दुपारपर्यंत बोर्डीला पोचता येईल अशी गाडी शोधा आणि मग मला तारीख कळवा.